सळई दिसत नाही, टाइल दिसते

घर बांधायला काढलंय म्हणता? मग स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या फीपासूनच बचत सुरू करा. नागपूरच्या बेसा-बेलतरोडीकडे प्लॉट आहे ना, शेजाऱ्याचाच नकाशा उचला. त्याला चार फुटांवर मुरूम लागला आणि तुमच्याकडे सहा फूट खोल काळी माती निघाली, तरी मनावर घेऊ नका. ही माती मे महिन्यात अशी तडकते की भेगेत हात जातो, आणि जुलैत पाणी पिऊन फुगते. फूटिंग, म्हणजे कॉलमचा पाया, तिच्यावरच टेकवलं की घरही तिच्याबरोबर खालीवर होईल. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर निघाली तर पुट्टी आहेच.

कॉलम नऊ बाय नऊचा. काँक्रीटच्या कामाचं भारतीय मानक आयएस ४५६ म्हणतं, सळई १२ मिमीपेक्षा बारीक नको आणि लोखंड कॉलमच्या क्षेत्रफळाच्या ०.८ टक्क्यापेक्षा कमी नको. तुम्ही चारही सळया १० मिमीच्या टाका. दहा फुटी कॉलममागे तब्बल सव्वातीन किलो वाचतात! सळयांना वेढणाऱ्या रिंगांचं अंतर मिस्त्रीच्या वितीवर सोडा. १२ च्या सळईला ते फार तर साडेसात इंच हवं, पण मिस्त्रीची वीत सकाळी आठ इंचांची असते आणि संध्याकाळपर्यंत फूटभर होते. रिंगेचं टोक १३५ अंशांत आत वळवायला मनगट दुखतं, तेव्हा काटकोनातच सोडा. भार वाढला की रिंग उकलेल, सळया बाहेर फुगतील. बीम-कॉलमच्या जोडात तर रिंग घालूच नका. तिथे हात शिरत नाही, आणि पाहणार तरी कोण?

सळई काँक्रीटच्या कडेपासून आत ठेवणारे कव्हर ब्लॉक म्हणजे निव्वळ उधळपट्टी. स्लॅबला २० मिमी, बीमला २५, कॉलमला ४०, फूटिंगला ५० असे वेगवेगळे ठोकळे कोण सांभाळत बसणार? सळईखाली गिट्टीचा खडा सरकवा. काँक्रीट बसवणारा व्हायब्रेटर लागला की खडा निसटतो आणि सळई थेट सेंट्रिंगच्या, म्हणजे खालच्या साच्याच्या, प्लेटवर टेकते. पुढे ओल पोचली की तिला गंज चढतो. गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा मागतो, म्हणून काँक्रीटचा पापुद्रा ढकलून देतो. तो बहुधा जेवणाच्या टेबलावरच पडतो.

पाण्याचा हिशेब करू नका. एम-२० प्रतीच्या काँक्रीटला सिमेंटच्या ५० किलोच्या पोत्यामागे साडेसत्तावीस लिटर ही कमाल मर्यादा, तीही कन्हान नदीच्या रेतीतली ओल धरून. पण तेवढ्यात माल घट्ट राहतो, घमेल्यातून सरकत नाही. बादलीभर पाणी वाढवा, खिरीसारखा पसरेल. तराईचंही तसंच. उन्हाळ्यात किमान दहा दिवस स्लॅब सतत ओला ठेवायचा असतो. ४५ डिग्रीत तुम्ही दिवसातून दोनदा पाइप फिरवा आणि मनाला बरं वाटू द्या. सेंट्रिंगचं भाडं चढतंय, म्हणून बीमखालचे टेकू चौदा दिवसांऐवजी आठव्या दिवशीच काढा.

आता छज्जा. इथेच खरी कला आहे. छज्जा भिंतीतून बाहेर लोंबतो, त्यामुळे वरची बाजू ताणली जाते आणि खालची दाबली जाते. म्हणून मुख्य सळया वर हव्यात आणि त्या आत बीम-स्लॅबमध्ये दूरवर गुंतलेल्या हव्यात. काँक्रीटच्या दिवशी काय होतं ते उभं राहून बघा. सळया वर बांधलेल्या आहेत, पण त्यांना वर धरणाऱ्या सळईच्या खुर्च्या खाली नाहीत. घमेलं घेतलेला मजूर त्यावरून चालतो. पहिल्या पावलाला सळई इंचभर दबते, विसाव्याला तळाला बसते. तुम्ही 'अहो, सळई...' म्हणायला तोंड उघडता, तोच मिस्त्री म्हणतो:

'काही होत नाही जी, साहेब. लोखंड आत आहे ना.'

आहे की! बिल पूर्ण, वजन पूर्ण, फक्त चार इंचांच्या छज्ज्यात तीन इंच खाली. हुज्जत घालू नका, तेवढ्यात टाइलवाल्याला फोन लावा. पुढल्या एप्रिलमध्ये त्याच छज्ज्यावर कुलर चढवा आणि टाकी काठोकाठ भरा. भिंतीलगत वरच्या बाजूने बारीक रेघ दिसली, तर गाडी मात्र जरा पलीकडे लावत जा.