१ स्टार रिव्ह्यूला उत्तर : "डेटा अर्धा, बिल पूर्ण"

नमस्कार सर, रिव्ह्यू वाचला. तुम्ही लिहिलंय की वाचनालयाचा सर्व्हर बंद पडला म्हणून आमच्याकडे आणून दिला, आम्ही महिनाभर लटकवलं, ४८ हजार घेतले आणि वर मागच्या वर्षीचे स्कॅन आलेच नाहीत, जे आले त्यातल्या बऱ्याच फाइलींना नावं नाहीत, काही पानं अर्ध्यातून खाली नुसती करडी, पुस्तकांच्या यादीत नावांच्या जागी प्रश्नचिन्हं, आणि तुमच्या ओळखीतला आयटीवाला मुलगा म्हणतो की हे फुकटच्या सॉफ्टवेअरने दोन तासात झालं असतं. वाचनालयाचं नाव तुम्ही टाकलं नाहीये, मीही टाकणार नाही. पण उत्तर इथेच देतो, कारण रिव्ह्यू वाचून आता लोक दुकानात येऊन विचारायला लागलेत की अर्धाच डेटा देता का हो.

आधी बॉक्समध्ये, म्हणजे तुमच्या सर्व्हरमध्ये, काय होतं ते सांगतो. ४ टीबीच्या चार डिस्क, रेड ५ मध्ये. म्हणजे चारपैकी एक डिस्क गेली तरी उरलेल्या तिघींवरून तिचा हिशोब काढता येतो आणि काम चालू राहतं. एकच गेली तर. दोन गेल्या की बॉक्सला हिशोब जमत नाही. तुमच्याकडे पहिली डिस्क गेल्या वर्षी मे महिन्यातच बाहेर पडली होती. हे मी मनचं सांगत नाहीये, प्रत्येक डिस्कवर रेडची एक छोटीशी नोंद असते, शेवटचं अपडेट कधी झालं ते त्यात असतं, आणि त्या डिस्कवरची नोंद मे मध्ये थांबलीये. बॉक्स तेव्हा बीप बीप करत असणार, तुमच्याच ग्रंथपाल मॅडम बोलल्या की आवाजाचा त्रास व्हायचा म्हणून कोणीतरी तो बंद करून दिला. तिथून पुढे सगळा कारभार तीन डिस्कवर चालू होता आणि कोणाला काही जाणवलं नाही कारण फाइली तर उघडत होत्या.

मग दुसरी डिस्क कुरकुरायला लागली. तेव्हा जो टेक्निशियन आला त्याने नवी डिस्क घालून रीबिल्ड लावला. पुस्तकात बघायला गेलं तर बरोबरच आहे, पण रीबिल्ड म्हणजे नव्या डिस्कवर हिशोबाने डेटा परत भरायला उरलेल्या तिन्ही डिस्क पहिल्या सेक्टरपासून (डिस्कवरचा छोटा कप्पा) शेवटच्या सेक्टरपर्यंत वाचून काढणं, आणि आधीच दमलेली डिस्क एवढा भार घेत नाही, मध्येच सुटली. इथपर्यंत सुद्धा डिस्कवरचा डेटा पुसला गेला नव्हता सर. या अवस्थेत बॉक्स बंद करून आणला असता तर आज हा रिव्ह्यूच आला नसता. त्यानंतर डिस्क बाहेर काढून परत घालताना त्यांच्या जागा बदलल्या आणि मेनूत जाऊन 'नवीन व्हॉल्यूम (सगळ्या डिस्क मिळून होणारा एक साठा) तयार करा' दाबलं गेलं. बॉक्सने इमानदारीत नवीन व्हॉल्यूम तयार करायला घेतला. जागा बदललेल्या असल्यामुळे नवा हिशोब लिहायला बॉक्सने जी डिस्क निवडली ती नेमकी एक चांगली, डेटा असलेली डिस्क निघाली, आणि कोणीतरी घाबरून प्लग काढेपर्यंत तो तिच्यावर लिहीत सुटला होता. नव्या व्हॉल्यूमच्या नोंदीत तो तयार झाल्याची तारीख आणि वेळ असते. ती तारीख १९ आहे. आमच्या जमा पावतीवरची तारीख २२ आहे, पावतीची दुसरी प्रत तुमच्याकडे आहे. नोंदीचा फोटो तुम्हाला कामाच्या पहिल्याच आठवड्यात व्हॉट्सअॅपवर पाठवला होता, त्यावर तुमचा अंगठा पण आलाय.

आता तुमचा मुद्दा की आम्ही मे मध्ये बाहेर पडलेली, फेकून द्यायच्या लायकीची जुनी डिस्क पण मागवली, ड्रॉवर उचकायला लावले, टाइमपास करत होतो. त्याच डिस्कने तुमच्या जुन्या दिवाळी अंकांचे स्कॅन वाचवले. बॉक्सने बाहेर काढली म्हणजे डिस्क मेली असं नसतं, थोडे बॅड सेक्टर आले की बॉक्स हाकलून देतो. तिच्यावर मे पर्यंतचं सगळं जसंच्या तसं होतं. त्यामुळे जिथे चांगल्या डिस्कवर नवीन काहीतरी लिहिलं गेलं किंवा कुरकुऱ्या डिस्कवरचं वाचता आलं नाही, तिथे ही जुनी डिस्क धरून हिशोब जुळवता आला. पण तो मे च्या आधीच्या फाइलींचाच. मे नंतर स्कॅन केलेलं तिच्यावर कधी गेलंच नव्हतं, मग तिच्यातून येणार कुठून? तुम्हाला मागच्या वर्षीचेच स्कॅन नेमके का मिळाले नाहीत त्याचं कारण एवढंच आहे. हे मी दुकानात कागदावर चार चौकोन काढून समजावलं होतं, तेव्हा तुमच्यासोबत आलेले दुसरे काका समजले होते, त्यांनाच परत विचारा.

नावं नसलेल्या फाइली : फाइलीचं नाव फाइलीत नसतं, ते फाइल सिस्टीमच्या वेगळ्या यादीत असतं, आणि नवीन व्हॉल्यूम तयार करताना त्या यादीचे तुकडे उडाले. मग आम्ही फाइलीच्या आतल्या खुणा बघून त्या शोधतो, फोटो मिळतो पण नाव मिळत नाही. स्कॅनरने आत तारीख लिहिलेली होती म्हणून निदान तारखेप्रमाणे फोल्डर करून दिले, ते एस्टिमेटमध्ये नव्हतं, माझ्या पोरांनी आपणहून केलं. करडी पानं म्हणजे त्या जेपेग फोटोचा मधला तुकडा गेला, त्याच्या पुढचं सॉफ्टवेअरला सहसा उलगडता येत नाही. गेलेला तुकडा परत आणायला माझ्याकडे उपाय नाही, कोणाकडेच नाही. कोणी एआयने पान पूर्ण करून देतो म्हणाला तर ते पान त्याचं असेल, अंकातलं नाही.

प्रश्नचिन्हांबद्दल मात्र थोडं लांबण लावतो कारण तो आरोप मला सगळ्यात जास्त लागला. तुमची यादी मायएसक्यूएल नावाच्या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये होती, डेटाबेस चालूच होईना. तिथे जबरदस्तीने चालू करायच्या १ ते ६ पायऱ्या असतात, ४ किंवा त्यापुढची पायरी घेतली तर डेटा कायमचा खराब होऊ शकतो असं त्यांचं मॅन्युअलच सांगतं, म्हणून कॉपीवर एकेक पायरी चढत गेलो आणि यादी बाहेर काढली. निघाली ती सगळी अगम्य चिन्हांत. देवनागरीत प्रत्येक अक्षराला, काना मात्रा वेलांटीला सुद्धा, यूटीएफ-८ मध्ये (कॉम्प्युटरवर अक्षरं साठवायची पद्धत) ३ बाइट लागतात, आणि तुमच्या जुन्या सॉफ्टवेअरने ते इंग्रजीसारखे एकेक बाइट धरून साठवले, म्हणजे एका 'क' ची तीन विचित्र चिन्हं. बाइट शाबूत असले तर हे उलटं फिरवून परत मराठी करता येतं आणि ते आम्ही केलंय, तुमची बहुतेक यादी आज नीट वाचता येते ती त्यामुळे. पण जिथे त्या सॉफ्टवेअरला मराठी अक्षर बसवताच आलं नाही तिथे त्याने सेव्ह करतानाच प्रश्नचिन्ह लिहून टाकलं, मूळ बाइट त्याच दिवशी गेले. तुम्हीच नंतर एक जुना पेनड्राइव्ह आणून दिलात, काही वर्षांपूर्वीची यादी असलेला. त्यात त्याच पुस्तकांपुढे तीच प्रश्नचिन्हं आहेत. सर्व्हर पडायच्या कितीतरी आधीची. दाखल नोंदवही कागदी असेल तर तिथून ती नावं भरता येतील.

वेळ आणि पैसे. ४ टीबीची ठणठणीत डिस्क सेकंदाला १५० एमबीच्या सरासरीने वाचली तरी साडेसात तास जातात. आणि आम्ही मूळ डिस्कवर काम करतच नाही, आधी सगळ्यांच्या कॉपी, मग कॉपीवर काम. कुरकुऱ्या डिस्कचे हेड, म्हणजे डेटा वाचणारे भाग, गेलेले होते. त्याच मॉडेलची, त्याच बनावटीची दुसरी डिस्क शोधायची, ती क्लीन बेंचवर (धूळ नसलेलं टेबल) उघडायची, तिचे हेड काढून तुमच्या डिस्कमध्ये बसवायचे, हेड आणि प्लॅटरमध्ये (आतली फिरणारी तबकडी) अंतर काही नॅनोमीटरचं असतं. नुसतं सर्किट बदलून भागत नाही, त्या सर्किटवरच्या चिपमध्ये त्या डिस्कपुरती सेटिंग असतात. दाता डिस्क या कामात खर्ची पडते, ती नंतर कोणाला विकता येत नाही, बिलातला मोठा आकडा तिचा आणि त्या कामाचा आहे. बसवलेले हेडही किती टिकतील याचा भरवसा नसतो म्हणून आधी सोपा भाग उचलायचा, अवघड ठिकाणी नंतर पुन्हा पुन्हा प्रयत्न, असं रात्रंदिवस चालू असतं. त्या दिवसांत फोन उचलला गेला नसेल पण रोज संध्याकाळी मेसेज गेलाय, चॅट तुमच्याकडेही आहे. आणि ४८ हजारांचं एस्टिमेट, त्यात 'पूर्ण डेटा मिळेलच असे नाही' हे मोठ्या अक्षरात, समितीच्या सहीशिक्क्यानिशी माझ्या फाइलला आहे.

आयटीवाल्या मुलाला माझा राग नाही. तो म्हणतो ते फोटोरेक, टेस्टडिस्क ही डेटा परत काढायची चांगलीच सॉफ्टवेअर आहेत, आम्हीही वापरतो. पेनड्राइव्हवरचे लग्नाचे फोटो डिलीट झाले असं घेऊन कोणी आलं तर मी स्वतः सांगतो, घरी जा, फुकट होईल, इथे पैसे घालवू नका. पण ज्या डिस्कचे हेड गेलेत तिच्यावर ते चालवणं म्हणजे उरलंसुरलंही खरवडून घालवणं.

आणि ते शेवटचं वाक्य, की मोठ्या कंपन्यांचे सर्व्हर पडले तर तासाभरात परत येतात. गिटलॅबचं बघा, प्रोग्रॅमचा कोड ठेवायची साइट, जगभरचे प्रोग्रॅमर वापरतात. ३१ जानेवारी २०१७ ला त्यांच्याच इंजिनिअरने चुकून चालू सर्व्हरवरचा डेटाबेसचा फोल्डर उडवला. बॅकअपच्या पाच पद्धती होत्या, ऐन वेळी एकही कामाची निघाली नाही. योगायोगाने सहा तास आधी काढलेली एक कॉपी होती तीवरून सगळं उभं केलं, साइट दुसऱ्या दिवशी सुरू झाली आणि मधल्या सहा तासांतलं गेलं ते गेलंच. सर्व्हर बंद पडल्यावर काय मिळणार हे आधी कुठे कॉपी ठेवलीये त्यावर असतं. तुमच्याकडे रेड होतं, बॅकअप नव्हता, आणि रेडला बॅकअप समजण्यात तुम्ही एकटे नाही, डॉक्टरांपासून सीएंपर्यंत सगळे माझ्याकडे हेच म्हणत येतात.

रिव्ह्यू काढा असं म्हणत नाही, राहू दे. पण एक काम बाकी आहे. मागच्या वर्षीचे स्कॅन ज्या लॅपटॉपवरून झाले तो अजून वाचनालयातच आहे असं मॅडम म्हणाल्या. स्कॅनिंगची बरीच सॉफ्टवेअर आधी लॅपटॉपवरच फाइल ठेवतात, मग सर्व्हरवर टाकली जाते, कोणीतरी नंतर जागा करायला डिलीट केलं असेल. त्यात साधी हार्डडिस्क असेल तर मिळायची चांगली शक्यता आहे, एसएसडी (चिपवर साठवणारी नवी डिस्क) असेल तर कमी, कारण तिची ट्रिम नावाची सफाईची सोय चालू असेल तर डिलीट केलेलं ती स्वतःच पुसून टाकते. आमच्याकडे येईपर्यंत तो लॅपटॉप कोणी चालू करू नका, त्यावर बिलं, नोटिसा टाइप करू नका. तपासायचे पैसे घेणार नाही, काही निघालं तर पुढचं ठरवू. तुमच्या चारही डिस्कच्या कॉपी या महिन्याअखेरपर्यंत माझ्याकडे आहेत, नंतर नियमाप्रमाणे पुसाव्या लागतील, त्यामुळे लॅपटॉप लवकर पाठवा. सोमवारी दुकान बंद असतं.