‘वाळकी मुळं विकली’ या तक्रारीला आमच्या नर्सरीचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू वाचला, सोबतचे तिन्ही फोटोही मोठे करून पाहिले. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : बोन्सायसाठी चायनीज एल्म या झाडाच्या मुळांच्या ५ कांड्या (लावण्यासाठी कापलेले तुकडे) फेब्रुवारीत ३५० रुपयांना घेतल्या, त्या नुसत्या वाळक्या मुळांच्या निघाल्या. काळ्या मातीत शेणखत घालून लावल्या, रूटिंग हार्मोनची पावडर लावली, रोज पाणी घातलं, तरी एप्रिलपर्यंत एकही फुटली नाही. नखाने खरवडून पाहिलं तर आत हिरवं काही नाही, म्हणून सगळ्या उपटल्या. शिवाय डाळिंबाची मुळं मागितली तर आम्ही टाळाटाळ केली. पैसे परत हवेत.

सगळ्यांत आधी घाईची गोष्ट सांगतो. त्या कांड्या अजून टाकल्या नसतील तर टाकू नका. आत्ताच्या आत्ता ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवा, मग पुढचं वाचा.

तुमच्या दुसऱ्या फोटोत पाचही कांड्या वर्तमानपत्रावर ओळीने मांडल्या आहेत. डावीकडून तिसरी बघा. तिचं एक टोक सरळ कापलेलं आहे, दुसरं तिरपं. सरळ टोकाला ओली माती चिकटलेली आहे आणि तिरपं टोक उन्हाने तपकिरी पडलंय. म्हणजे सरळ टोक खाली आणि तिरपं वर, अशी ती लावली गेली. आता त्या सरळ टोकावरची माती जरा बाजूला करून बघा. साल आणि लाकूड यांच्या मधल्या रेघेवर मोहरीएवढ्या फिकट गाठी दिसतील; फोटोतही दोन स्पष्ट दिसतात. ते कोंब आहेत. ही कांडी जिवंत आहे आणि फुटायलाही लागली होती, फक्त मातीच्या तळाशी, अंधारात.

मुळाच्या कांडीला वरची-खालची बाजू असते आणि ती कांडी कशीही लावली तरी बदलत नाही. जे टोक झाडाच्या बुंध्याकडे होतं तिथेच कोंब येतात, आणि जे लांबच्या बाजूला होतं तिथून नवी मुळं. उलटी लावली तरी कोंब बुंध्याकडच्याच टोकाला येणार. मग तो बिचारा कोंब कांडीला वळसा घालून माती फोडत वर येतो, किंवा अर्ध्यातच साठवण संपून कुजतो. हाताच्या बोटाएवढं मूळ नुसतं बघून वरचं कुठलं नि खालचं कुठलं हे मलाही नेहमी ओळखता येणार नाही. म्हणूनच झाडावरून कापतानाच बुंध्याकडचा काप सरळ आणि दुसरा तिरपा घ्यायचा, ही कलमं करणाऱ्यांची जुनी रीत आहे. जुडीला बांधलेल्या चिठ्ठीवर आम्ही तेच लिहितो : सरळ वर, तिरपं खाली. चिठ्ठी भिजून गेली असेल तरी लक्षात ठेवायला सोपं आहे, तिरपं टोक मातीत खुपसायला सोपं जातं.

नखाने खरवडायची तुमची परीक्षा फांदीसाठी बरोबर आहे. फांदीच्या सालीखाली हिरवा थर असतो, म्हणून हिरवं दिसलं की जिवंत. मूळ जमिनीत, उजेडाशिवाय वाढलेलं असतं, त्यात हिरवं असायचं कारणच नाही. मुळाची साल खरवडल्यावर पांढरं किंवा मळकट पिवळसर आणि ओलसर दिसलं की ते जिवंत. तपकिरी, मऊ, बोटाने दाबल्यावर पाणी सुटणारं आणि वास मारणारं ते मेलेलं. तुमच्या तिसऱ्या फोटोत नखाच्या ओरखड्याखाली स्वच्छ पांढरं दिसतंय. पाचातल्या दोन कांड्यांची टोकं मात्र काळी पडली आहेत, त्या बहुतेक गेल्या. बाकीच्या तीन वाचायला हव्यात.

पावडरीबद्दल. दुकानात मिळणारी ही पावडर फांदीच्या छाटाला मुळं फुटावीत म्हणून असते, तिच्यात ऑक्झिन हे वनस्पतीच्या वाढीचं संप्रेरक असतं. मुळाच्या कांडीला आधी कोंब फुटायला हवा असतो, आणि ऑक्झिन जास्त झालं तर ते कोंब फुटणंच दाबून धरतं. त्यामुळे इथे ती पावडर उपयोगाची तर नाहीच, उलट आडवी येते. आम्ही कापलेल्या टोकांना फक्त बुरशीनाशक लावतो. शेणखतही नको. कांडीला पान नाही, बारीक मुळं नाहीत, ती खत घेणार कशाने? ती जगते स्वतःत साठवलेल्या पिठावर, आणि तेवढ्यावरच कोंब काढते.

आणि काळी माती. आपल्या सोलापूरच्या शेताला ती सोनं आहे, ज्वारीला तिच्यासारखी दुसरी माती नाही. पण कुंडीत रोज पाणी घातलं की ती चिखल धरते, आणि एक दिवस चुकला की तडा देते. बिनपानाच्या कांडीला फार थोडं पाणी लागतं, रोजच्या चिखलात ती तळापासून सडते. त्याऐवजी चाळलेला बारीक मुरूम किंवा विटेचा चुरा घ्या, त्यात थोडं कोकोपीट, पाणी घातलं की लगेच खालच्या भोकातून निघून गेलं पाहिजे. वरचा थर सुकल्यावरच पुन्हा पाणी. गच्चीच्या स्लॅबवर कुंडी ठेवू नका. एप्रिलात इथला स्लॅब दुपारी पाय ठेवू देत नाही, आणि त्याच तापात कुंडीतली माती भाजते. शेडनेटखाली किंवा एखाद्या मोठ्या झाडाच्या सावलीत ठेवा.

‘वाळकी’ दिसतात हे खरं आहे. बारीक मुळं आम्हीच काढून टाकतो, आणि त्या वेळी कोंब नसतातच. कांड्या काढायची वेळ ठरलेली आहे : संक्रांतीला भरणारी सिद्धेश्वरांच्या गड्ड्याची यात्रा आटोपली की. आपल्याकडे थंडी जेमतेम, एल्म पूर्ण पानं टाकतोच असं नाही, पण तेव्हा त्याची वाढ मंद असते आणि मुळांत साठा भरलेला असतो. नवी पालवी एकदा आली की तो साठा वर निघून जातो, मग काढलेली कांडी कमकुवत निघते. त्यामुळे वर्षातले थोडेच दिवस हाती असतात. एका झाडाची तिसऱ्या हिश्श्याहून जास्त मुळं आम्ही घेत नाही, आणि नंतर त्या झाडाला हात न लावता पुन्हा भरू देतो. ‘कुंडी बदलताना फेकून देतात त्या मुळांचे ३५० रुपये’ असं तुम्ही लिहिलंय. फेकायची मुळं दोऱ्याएवढी असतात, ती फुटत नाहीत. तुम्हाला दिलेल्या कांड्या जाड, वळणाच्या, निवडून काढलेल्या आहेत.

आणि त्या वळणासाठीच तर हा खटाटोप करायचा. बियाचं रोप सरळसोट येतं, त्याचं खोड जाड व्हायला वर्षानुवर्षं जातात, तार गुंडाळून वळण द्यावं लागतं. मुळाने मात्र दगड चुकवत, ओल शोधत आधीच वळणं घेतलेली असतात. ते मूळ उभं लावलं की तेच खोड होतं. वरचा साधारण १ सेंटिमीटर भाग मातीबाहेर ठेवायचा; उघड्यावर आलेल्या मुळाची साल हळूहळू खोडासारखी खरबरीत होते. मुळांवरून झाड उठतं हे आपल्याला नवीन नाही. परसातल्या कढीपत्त्याभोवती किंवा रस्त्याकडेच्या बुचाच्या झाडाभोवती जी पिल्लं उगवतात ती मुळांवरूनच फुटतात, आणि कोकणात निरफणसाची रोपं मुळाच्या तुकड्यांपासूनच करतात.

डाळिंबाबद्दल मात्र ‘टाळाटाळ’ हा शब्द मला लागला. आम्ही टाळलं नाही, नाही म्हटलं, आणि यापुढेही नाहीच म्हणू. सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा या भागातल्या बागायतदारांना विचारा, मर रोगाने, म्हणजे उभं झाड वाळवणाऱ्या बुरशीने, त्यांचं काय केलंय. त्या बुरशीचा मुक्काम मुळांत आणि मातीत असतो. सूत्रकृमी, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे बारीक कृमी, तेही मुळांतच, गाठी करून बसतात. वरून हिरवंगार दिसणाऱ्या झाडाचं मूळ कापून घरी नेलं तर त्यासोबत काय आलं हे महिनोन्महिने कळत नाही. बागेतून उपटलेल्या झाडांची मुळं बोन्सायसाठी स्वस्तात आणून देणारे आमच्याकडे येतात, आम्ही घेत नाही. सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे, राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र इथे केगावलाच आहे. अशा गावात रोगट मुळं कुंड्याकुंड्यांतून फिरवायचं पाप मी करणार नाही. आणि डाळिंबाला मुळाची गरजही नाही. निरोगी झाडाच्या पेन्सिलीएवढ्या जाड पक्व फांदीचा छाट सहज मुळं धरतो, गुटी (झाडावरच फांदीला मुळं फोडून घ्यायची पद्धत) तर सगळेच बांधतात. तुम्हाला त्या दिवशी गुटीचं रोप दाखवलं होतं ते म्हणूनच.

आता पैशांचं. पैसे परत करणार नाही, ताई, कारण दिलेला माल जिवंत होता आणि तो तुमच्याच फोटोत जिवंत दिसतोय. पण त्या कांड्या घेऊन या. काळी पडलेली टोकं निरोगी भागापर्यंत कापून, सरळ बाजू वर करून तुमच्यासमोर आमच्या मुरमात लावतो आणि पावसाळा लागेपर्यंत आमच्या शेडनेटमध्ये सांभाळतो. त्याचे वेगळे पैसे नाहीत. तीनही गेल्या तर पुढच्या गड्ड्यानंतर नव्या कांड्या काढू तेव्हा तुमच्या पाच बाजूला ठेवीन.

फुटल्या तर एक सांभाळा. कांडीवर पानं आली म्हणजे खाली मुळं आली असं नसतं. एल्ममध्ये पुष्कळदा आधी कोंब येतात आणि मुळं त्यानंतर सावकाश. त्या काळात हलवलं, कुंडी बदलली, ‘बघू तरी’ म्हणून उकरलं की कांडी जाते. एकाच टोकाला पाच-सहा कोंब येतील, तेही लगेच खुडू नका. पानं पक्की झाली, झाड जोर धरू लागलं की त्यातला हवा तो ठेवून बाकीचे काढा. फार दिवस सगळे ठेवले तर तिथे बेढब गाठ येते.

संध्याकाळी ५ नंतर या, दुपारच्या उन्हात कांड्या घेऊन गाडीवरून फिरू नका. फडकं ओलं असू द्या, पण प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधू नका.