सोनं कुणाच्या अंगावर आहे ते बघा आधी

आमच्या परभणीकडच्या नातेवाईकांच्या ग्रुपवर सध्या एकच विषय चाललाय, वरातीतली गाणी. थार, फॉर्च्युनर, गळ्यात जाड चेन, अन आपल्यावर जळणारे लोक, याच्याशिवाय गाण्यात काहीच नाही म्हणं, अन याच्यामुळंच लेकरं बिघडायलीत. एका मामांनी तर लिहिलं की तुमच्या तिकडं बरंय, तिकडची गाणी तरी अर्थाची असतात.

मामा, मी न्यूझीलंडच्या ऑकलंडमध्ये राहतो, तर इथलंच सांगतो. इथल्या डेव्हनपोर्टमध्ये वाढलेल्या लॉर्ड नावाच्या पोरीचं 'रॉयल्स' २०१३ मध्ये अमेरिकेत सलग नऊ आठवडे एक नंबरला होतं, पहिल्यांदा एक नंबरला गेलं तेव्हा ती १६ वर्षांची. गाण्यात काय, तर सोन्याचे दात, महागडी दारू, मेबॅक गाडी हे सगळं गाण्यात ऐकून ऐकून कंटाळा आला, आमचं असलं काही नसतं अन आम्हाला नकोय पण. मला आवडतं ते गाणं, खोटं कशाला बोलू. पण तेव्हा अमेरिकेत काहींनी विचारलं की बाई, सोन्याच्या दातांना नावं ठेवायलीस ते दात कुणाचे? ज्या काळ्या रॅपर लोकांच्या मागच्या पिढ्यांना कुणी काही घेऊच दिलं नाही, त्यांनी चार पैसे आल्यावर मिरवलं तर तेवढंच डोळ्यात येतं का? अन डेव्हनपोर्ट म्हणजे काही गरिबांची वस्ती नाही, तिथं घर घ्यायचं म्हणलं तर माझ्यासारख्याला घाम फुटतो.

आपल्याकडं तेच आहे. २०२४ ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये होता अन बाजारात त्याच्या किती खाली विकलं ते ग्रुपवरच्या सगळ्यांना माहितीय, ते सोयाबीन पिकवणाऱ्या घरचा पोरगा वरातीत फॉर्च्युनरच्या गाण्यावर दहा मिनटं नाचला तर नाचू द्या ना. घरासमोर खरी फॉर्च्युनर उभी असणाऱ्यांनी तरी त्याला साधेपणा शिकवू नये (ग्रुपवर दोघं आहेत असे, नाव घेत नाही).

अन सोनं म्हणलं की मला भीमगीतं गाणाऱ्या कडूबाई खरात आठवतात, आपल्या औरंगाबादच्या. हातात एकतारी घेऊन गात गात लेकरं वाढवलेली बाई, अन गाते काय तर माझ्या भीमानं सोन्यानं ओटी भरली. याच्यापेक्षा मोठा थाट कोणत्या पॉप गाण्यात आहे सांगा. त्यात कुणी जळणारा नाही, कुणाला खाली दाखवणं नाही, जे मिळालं ते ताठ मानेनं सांगितलंय बस.

मला खटकतं ते जळणाऱ्यांचं. दर दुसऱ्या गाण्यात, रिक्षाच्या मागं, स्टेटसला, सगळीकडं कुणीतरी जळायलंय, अन जळणारा नसला तर ह्यांचा कॉन्फिडन्स उभाच राहात नाही. ते इंग्रजी गाण्यांतही भरपूर आहे, तिकडचं म्हणून लगेच अर्थाचं होत नाही.

बाकी डीजेचा आवाज कमी करा म्हणून अर्ज देणार असाल तर माझं नाव पहिलं टाका, गल्लीत म्हातारी माणसं अन तान्ही लेकरं असतात. गाण्यातल्या शब्दांवर बंदीचा अर्ज असला तर मात्र मी त्यात नाही.