कार्यवाह कविता करत नाहीत

आमच्या तालुक्यात साहित्य संस्थेचा सभासद असूनही कविता न करणारा माणूस एकच आहे. तो मी. सभासद झालो तोही धंद्यापायी. एसटी स्टँडसमोर माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. सातबारावाले बाजाराच्या दिवशी येतात, दाखलेवाले जूनमध्ये येतात, कवी बारा महिने येतात. त्यातल्या एकाने उधारी चुकवताना पैशांऐवजी माझ्या नावाने वर्गणी भरल्याची पावतीच हातात ठेवली, आणि पुढच्या सर्वसाधारण सभेत मी सर्वानुमते कार्यवाह झालो. सूचक म्हणाले, "ह्यांना कविता करायच्या नसतात, त्यामुळे वेळ भरपूर." अनुमोदक म्हणाले, "आणि प्रिंटर घरचा."

साहित्य संस्था लांबून फार भारदस्त दिसते. पुण्याची महाराष्ट्र साहित्य परिषद १९०६ ची, नागपूरचा विदर्भ साहित्य संघ १९२३ चा, मुंबईचा साहित्य संघ १९३५ चा, मराठवाड्याची परिषद १९४३ ची. १९६१ मध्ये या चौघांचं मिळून अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळ झालं, आणि महामंडळाचं कार्यालय तीन-तीन वर्षं या चौघांकडे आळीपाळीने मुक्कामाला असतं. कोकणात ते येत नाही. मधु मंगेश कर्णिकांनी १९९१ साली कोकण मराठी साहित्य परिषद, म्हणजे कोमसाप, काढली, तिच्या शाखा गावोगाव पोचल्या, तरी घटक संस्थांच्या यादीत तिचं नाव नाही. ही खंत आमच्या प्रत्येक कार्यक्रमात कोणीतरी पोटतिडकीने बोलून दाखवतो. वास्तविक आमची संस्था कोमसापचीही शाखा नव्हे. आमची चूल वेगळी. कधीतरी कोणाचं तरी कशावरून तरी बिनसलं आणि ही स्थापन झाली. संस्था नोंदवायला किमान सात माणसं लागतात. सात नाराज माणसं मिळायला कोकणात वणवण करावी लागत नाही.

घटनेत आमचा पहिला उद्देश आहे, 'नवोदित साहित्यिकांना प्रोत्साहन देणे'. प्रोत्साहनाची इथे ददात नाही, नवोदितांची आहे. जे आहेत त्यांतले बरेचसे पेन्शनर. राज्य शासनाच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदानाची योजना आहे, तिचे अर्ज मीच भरून देतो. अर्जदार समोर बसून, चष्मा कपाळावर चढवून विचारतात, "नवलेखक म्हणजे नक्की कोण रे?" मी म्हणतो, "तुम्हीच, गुरुजी."

हस्तलिखितं कशी असतात तेही सांगून ठेवतो. आमचे एक ज्येष्ठ कवी आंबा बागायतदार आहेत. ते खत कंपनीने दिलेल्या डायरीत लिहितात, आणि फवारणीचं वेळापत्रकही त्याच डायरीत असतं. पान टाइप करायला घेतलं की वर बुरशीनाशकाचं नाव, त्याखाली 'तुझ्या पापणीवर थबकलेला मोहोर', त्याखाली 'दहा लिटरला पाच ग्रॅम', मग 'आणि मी उभा, न बरसलेला'. कवितेतल्या ओळी कुठल्या आणि पंपातल्या कुठल्या, हे विचारल्याशिवाय मी कळीला हात लावत नाही. एकदा असंच विचारलं तर त्यांनी पान पुन्हा वाचलं, बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, "असू दे सगळं. असं जास्त आधुनिक वाटतं."

आता आमचा वार्षिक कार्यक्रम. तो २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी, मराठी भाषा गौरव दिनाला असतो. त्या दिवशी पाहुणा मिळवणं भाद्रपदात भटजी मिळवण्याइतकंच अवघड. ग्रामपंचायत, पतपेढी, कॉलेज, सगळ्यांना एकाच दुपारी एकेक साहित्यिक हवा असतो. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हापासून तर पाहुणे सकाळ, दुपार, संध्याकाळ अशा पाळ्यांत मिळतात. १८८५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी ग्रंथकारांच्या सभेला बोलावलं तेव्हा महात्मा फुल्यांनी खरमरीत पत्र लिहून यायला नकार दिला होता. तो नकार तत्त्वाचा होता, म्हणून आजही वाचला जातो. आम्हाला आदल्या रात्री फोन येतो, "मुलीला बघायला मंडळी येतायत."

पाहुणे आलेच तर पहिल्याच वाक्यात म्हणतात, "ही भूमी विंदांची, ही भूमी पाडगावकरांची, ही भूमी आरती प्रभूंची." बरोबरच आहे. विंदा देवगड तालुक्यातल्या धालवलीचे, पाडगावकर वेंगुर्ल्याचे, आरती प्रभू वेंगुर्ल्याजवळच्या बागलांची राईचे. पण सभागृहातल्या प्रत्येकाला हे तोंडपाठ आहे आणि प्रत्येक जण यादीत पुढचं नाव आपलं येतं का ते बघत असतो. विंदा, पाडगावकर आणि वसंत बापट या तिघांनी महाराष्ट्रभर हिंडून लोकांना कविता ऐकायची सवय लावली. ती मोडायचं काम तालुका पातळीवर आम्ही हाती घेतलं आहे.

सत्कार हा आणखी एक प्रकार. शाल चालून जाते. फेब्रुवारीतल्या घामात ती कोणी पांघरत नाही, पण घडी मोडली नाही तर पुढच्या वर्षी दुसऱ्या कोणाच्या तरी खांद्यावर ती परत दिसते. अडचण श्रीफळाची. ज्याच्या दारात दीड-दोनशे माड उभे आहेत त्याला आपण व्यासपीठावर बोलावून एक नारळ देतो. मागे एका ज्येष्ठ कथाकारांच्या हातात अध्यक्षांनी नारळ ठेवला. त्यांनी तो सवयीने कानाशी नेऊन हलवला, शेंडी निरखली आणि माइकसमोरच म्हणाले, "ह्यो आमच्याच वाडीतलो. केवढ्याक घेतलास?" मी खालून भाव सांगितला. त्यांनी व्यापाऱ्याला दिलेला भाव सांगितला. मग सभागृहात जी चर्चा सुरू झाली तिच्याइतकी जिवंत चर्चा आमच्या एकाही परिसंवादात झालेली नाही. मधल्या मध्ये कोण किती मारतो यावर मागच्या रांगेतले लोकसुद्धा उठून बोलले. मानपत्र वाचणाऱ्या बाई कागद हातात धरून तशाच उभ्या. शेवटी अध्यक्षांनी 'विषय साहित्याचा आहे' असं बजावलं, तेव्हा सगळे हिरमुसून खाली बसले.

आणि मग कवी संमेलन.

कवी संमेलनातला सगळा जीव क्रमवारीत असतो. रीत अशी की मानाचा कवी शेवटी वाचतो. आणि आमच्याकडची वस्तुस्थिती अशी की शेवटी ऐकायला कोणी उरत नाही. साडेपाचला वस्तीची गाडी सुटते, ती गेली की खालच्या गावांना जायला रिक्षाशिवाय काही नाही. त्यामुळे मान शेवटी आणि माणसं सुरुवातीला, अशी कात्री. प्रत्येक कवी दुकानात येऊन आधी सांगतो, "माझी ज्येष्ठता लक्षात घेऊन क्रम लावा." पायरी उतरता उतरता मागे वळून म्हणतो, "पण माका पयलो वाचूक दी हां, गाडी चुकात माझी."

श्रोते म्हणजे हायस्कूलची मुलं. मुख्याध्यापक ती रांगेने आणून बसवतात. त्यांना टाळ्या कधी वाजवायच्या हे पाठ असतं, ते टाळ्यांसाठी कविता संपायची वाट बघत नाहीत. ओळ जरा लांबली आणि कवीने श्वास घेतला की टाळ्या. एका गझलकार सरांचा मतला, म्हणजे गझलेचा पहिला शेर, असा चारदा वाजला; ते खूश झाले आणि गझल पुन्हा पहिल्यापासून म्हणाले. पाच वाजता शिक्षकांनी खूण केली की मुलं उठतात, आणि उरतात ते ज्यांचं वाचायचं राहिलंय ते. ते श्रोते नव्हेत, ते रांगेत आहेत.

प्रत्येकी एक कविता, वेळ तीन मिनिटं, असं पत्रिकेत ठळक छापतो. तीन मिनिटं ही कविता कशी सुचली ते सांगण्यातच जातात. त्यात सूत्रसंचालक स्वतः कवी असल्यामुळे दोन कवींच्या मधल्या जागेत आपली चारोळी घालतो. माइकवाला दर थोड्या वेळाने माझ्याजवळ येऊन खालच्या आवाजात विचारतो, "अजून किती कवी आसत? माका रात्री जत्रेक साउंड लावूचो आसा." दशावतार रात्रभर चालतो, आणि तिथे कोणाला गाडीची आठवण होत नाही, हे त्याच्याकडून मला दरवर्षी ऐकावं लागतं. दशावतारी नट संहितेशिवाय उभा राहतो आणि लोक पहाटेपर्यंत हलत नाहीत. आमचा माणूस टाइप केलेला कागद घेऊन उभा राहतो आणि मागून खुर्च्या सरकल्याचे आवाज येतात. कागद मीच टाइप केलेला असतो, त्यामुळे जास्त बोलत नाही.

मागे संस्थेची सहल मालगुंडला नेली होती. केशवसुतांचं हे जन्मगाव. कोमसापने तिथे त्यांचं स्मारक उभं केलं आणि १९९४ मध्ये कुसुमाग्रजांच्या हस्ते ते खुलं झालं. मला ते गाव आवडतं. जागा स्वच्छ आहे, समुद्र जवळ आहे, आणि माणसांची गर्दी गणपतीपुळ्यालाच अडकलेली असते. मंडळी भारावून हिंडत होती, एक जण 'तुतारी' म्हणत होता, दुसरा आपल्या स्मारकाला आपल्या परसातली जागा पुरेल का याचा अंदाज घेत होता. मी मात्र तारखांपाशी थबकलो. केशवसुत गेले नोव्हेंबर १९०५ मध्ये, प्लेगने, हुबळीला. पुण्याची साहित्य परिषद निघाली १९०६ मध्ये. म्हणजे या माणसाने मराठी कविता उलटीपालटी केली ती हयातीत एकही संग्रह न निघता, आणि परिषदेचा साधा सभासद होण्याचीही सोय नसताना. त्याला कोणी नववा क्रम दिला नाही, त्याच्या कवितेवर कोणी घंटी वाजवली नाही. हे मी परतीच्या गाडीत बोलून दाखवलं. अध्यक्ष क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "बघा, संस्था असती तर केवढं लिहून गेला असता माणूस!" केशवसुतांच्या सगळ्या कविता मिळून दीडशेच्या आत आहेत. आमचे अध्यक्ष तेवढ्या एका श्रावणात करतात.

तरी आम्हाला हक्काचं छप्पर आहे ते वाचनालयाचं, हे कबूल केलं पाहिजे. कोकणात ही मंडळी आमच्यासारख्यांच्या पुष्कळ आधीची. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, सावंतवाडीचं श्रीराम वाचन मंदिर १८५२ चं, चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चं. चिपळूणला तर जुलै २०२१ च्या पुरात वाचनालयात पाणी शिरून पुस्तकांचा लगदा झाला, आणि लोकांनी ते पुन्हा उभं केलं. आमच्या गावचं वाचनालय एवढं जुनं नाही, पण तिथल्या ग्रंथपाल बाई भाडं न घेता वरचा हॉल देतात. अट एकच. खाली वाचक बसलेले असतात, तेव्हा वीररस नको.

या सगळ्यापेक्षा वाईट म्हणजे कागदपत्रं. कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यायचा असतो. तो मंजूर होईपर्यंत बँक जुन्या सह्या सोडत नाही, आणि जुन्या सह्यांपैकी एक सही कवी संमेलनात मधलाच क्रम मिळाला म्हणून रुसून बसलेली आहे. चहावाल्याचे पैसे त्या रुसव्यात अडकलेत. ऑडिटर विचारतात, 'काव्यानंद' या शीर्षाखाली टाकलेला खर्च कशाचा? तो बटाटेवड्यांचा असतो.

आजीव सभासदांचा घोळ तर सुटायचं नाव घेत नाही. आमच्या आजीव सभासदांतले कितीतरी आता आजीव राहिलेले नाहीत. त्यांची नावं यादीतून कमी करायला ठराव लागतो. ठरावाला गणपूर्ती लागते. आणि गणपूर्ती किती ते यादीवरून ठरतं, म्हणजे ते दिवंगत धरूनच. शोकप्रस्ताव आम्ही दरवर्षी मांडतो, नावं तिथल्या तिथेच.

या वर्षी मी ठरवून राजीनामा लिहिला आणि सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत सातव्या क्रमांकावर घातला. नोटिसा वेळेत टाकल्या, फोन केले, बागायतदारांना फवारणी एक दिवस पुढे ढकलायला लावली. सभेला गणपूर्ती झाली नाही. नियमाप्रमाणे अध्यक्षांनी सभा अर्धा तास तहकूब केली. अर्ध्या तासानंतर तीच सभा त्याच जागी पुन्हा भरते आणि मग गणपूर्तीची गरज राहत नाही, एवढ्याच आशेवर मी घड्याळाकडे बघत बसलो होतो. तेवढ्यात अध्यक्ष म्हणाले, "नुसतं बसण्यापेक्षा तोवर एकेक कविता होऊन जाऊ दे. छोट्या छोट्या."

सहावे कवी 'ही कविता मला कशी सुचली' हे सांगत असताना स्टँडवरून वस्तीच्या गाडीचा हॉर्न आला. पिशव्या, छत्र्या, डायऱ्या आवरून सभा जिन्याने खाली उतरली. अध्यक्ष पाचव्या पायरीवरून ओरडले, "कार्यवाह, विषय क्रमांक सात पुढच्या सभेपुढे ठेवण्यात यावा, असं इतिवृत्तात घ्या."

घेतलं. इतिवृत्त मीच लिहितो.