लस टोचल्यावरची गाठ आणि ‘आपलं-परकं’चा वाद: एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, नमस्कार.

लाळ्या-खुरकुताच्या लसीवरच्या लेखाखाली तुम्ही सविस्तर आणि रोखठोक लिहिलंत. ज्यांनी ते वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. शरीर फक्त ‘आपलं की परकं’ पाहून लढायला उठत नाही, कुठे इजा होतेय का हेही पाहतं, असं माझ्या लेखात होतं. तुमचं म्हणणं असं की बी.एस्सी.ला सगळे आपलं-परकंच शिकले आणि नोबेलही त्यालाच मिळालं. इजा पाहूनच शरीर जागं होत असेल तर धडधाकट गाईला मेलेल्या विषाणूची लस देऊन काहीच व्हायला नको. शिवाय हे सगळे उंदरांवरचे वाद आहेत, आर्वी-पुसदकडच्या गोठ्यात त्यांचा उपयोग शून्य. लस देऊनही तुमच्या कालवडीला लाळ्या झाला आणि लसीनंतर गाठ येते, हेही तुम्ही मांडलंत.

मधला मुद्दा आधी घेतो. तो तुम्ही माझ्याविरुद्ध वापरलात, पण तो माझ्याच कामाचा आहे. मेलेला, धुऊन स्वच्छ केलेला विषाणू नुसता पाण्यातून टोचला तर खरंच फारसं काही होत नाही. लाळ्या-खुरकुताचा विषाणू पेशींच्या द्रवात वाढवतात, बायनरी इथिलीन इमाइन या रसायनाने मारतात आणि मग गाळून शुद्ध करतात. शुद्ध करण्यामागे एक कारण असं की पुढे रक्त तपासताना जनावराला लस दिली होती की खरंच रोग होऊन गेला, हे ओळखू यावं. पण या धुलाईत बाकी कचरा निघून जातो आणि उरलेला शुद्ध माल एकटा दुबळा ठरतो. म्हणून त्यात तेल घोटून पांढरं, दुधासारखं मिश्रण करतात. घटसर्प आणि फऱ्याच्या काही लसींत तेलाऐवजी तुरटीच्या जातीचे ॲल्युमिनियमचे क्षार असतात. या भरीच्या मालाला ॲडज्युव्हंट म्हणतात.

त्याचा शोध लागला तो एका पशुवैद्यामुळेच. फ्रान्सच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधले गास्तों रामों घोड्यांना घटसर्पाचं (ढोरांच्या नव्हे, माणसाच्या डिप्थेरियाचं) निर्विष केलेलं विष टोचून औषधी रक्तद्रव काढत. ज्या घोड्यांना टोचल्या जागी गळू व्हायचं, त्यांच्या रक्तात प्रतिपिंड (अँटिबॉडी, म्हणजे जंतूला किंवा विषाला चिकटून निकामी करणारी प्रथिनं) जास्त निघायचे. मग 1925 च्या सुमारास त्यांनी मुद्दाम सूज आणण्यासाठी टोचायच्या मालात टॅपिओका, म्हणजे ज्याचा आपला साबुदाणा होतो तो स्टार्च, मिसळून पाहिला. प्रतिपिंड वाढले. पुढच्याच वर्षी इंग्लंडात ग्लेनी यांनी तुरटी वापरली, आणि ॲल्युमिनियमचे क्षार आजही माणसांच्या अनेक लसींत आहेत. उलट बाजूचा पुरावा 1962 चा आहे. ड्रेसर यांनी गाईच्या रक्तातलं प्रथिन जोरात फिरवून त्यातल्या गुठळ्या काढल्या आणि स्वच्छ प्रथिन उंदरांना दिलं. प्रथिन शंभर टक्के परकं होतं, तरी उंदीर लढले नाहीत. नंतर तेच प्रथिन नेहमीच्या पद्धतीने दिलं तेव्हाही ते गप्पच राहिले. परकेपणा पुरेसा असता तर हे घडलं नसतं.

आता नोबेलचं. ते 1960 साली बर्नेट आणि मेडावर यांना मिळालं आणि रास्तच मिळालं. पण ‘उंदरांवरचे वाद’ म्हणताना एक गोष्ट सुटतेय: हा धागा सुरू झाला तो गाईच्या जुळ्या वासरांपासून. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये रे ओवेन यांनी 1945 साली दाखवलं की जुळ्या वासरांची वार गर्भातच एकमेकींना जोडली जाते आणि दोघांच्या अंगात दोन्ही प्रकारच्या रक्तपेशी जन्मभर नांदतात. गोऱ्ह्यासोबत जन्मलेली कालवड बहुधा वांझ निघते तीही याच जोडणीमुळे. दहातल्या नऊ तरी निघतात, तेव्हा अशी कालवड दुधासाठी वाढवण्याआधी तपासून घ्या. बर्नेट यांनी 1949 मध्ये यावरून मांडलं की जन्माआधी जे भेटेल ते ‘आपलं’. मेडावर यांच्या गटाने जुळ्या वासरांवर एकमेकांची कातडी लावून पाहिली तर ती टिकली, आणि 1953 मध्ये उंदरांवर हेच जाणूनबुजून घडवून दाखवलं.

या मांडणीतला एक भाग आजही पक्का आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळतो. जुवाने तो खांदा वर्षभर घासलेला, सुजलेला असतो आणि तिथे रोज पेशी मरतात, तरी बैलाचं शरीर स्वतःच्या स्नायूवर तुटून पडत नाही. कारण स्वतःच्या मांसाला घट्ट चिकटणाऱ्या बहुतेक टी-पेशी (लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) छातीतल्या थायमस ग्रंथीतच मारून टाकलेल्या असतात. नुसत्या इजेने काम भागत नाही, ते इथे दिसतं. डळमळला तो दुसरा भाग: ‘जन्माच्या वेळची खिडकी एकदाच उघडते’ हा. 1996 मध्ये एकाच वेळी तीन गटांनी दाखवलं की नवजात उंदीरही नीट प्रतिकार उभा करू शकतो. प्रतिजन (ज्याच्याविरुद्ध शरीर लढतं तो पदार्थ) कशासोबत आणि किती दिलं, यावर ते ठरतं.

मग उरतो खरा वाद: इशारा देतं कोण? चार्ल्स जेनवे 1989 मध्ये म्हणाले की ॲडज्युव्हंट हे आम्हा इम्युनॉलॉजिस्टांचं (प्रतिकारशक्तीच्या अभ्यासकांचं) गलिच्छ गुपित आहे. त्यांचं उत्तर असं की पहारा देणाऱ्या पेशींना जंतूंच्या खास खुणा ओळखणारे रिसेप्टर (पेशीवरची ओळखणारी प्रथिनं) असले पाहिजेत. 1997 मध्ये मेडझितोव यांच्यासह त्यांनी माणसातला असा एक टोल रिसेप्टर दाखवला, आणि पुढच्या वर्षी बॉयटलर यांच्या गटाने एका विशिष्ट टोल रिसेप्टरचं जंतूच्या विषाशी असलेलं नातं पक्कं केलं. हे काम भक्कम आहे. पण तेलात आणि तुरटीत जंतूची खूण कुठली? पॉली मॅटझिंगर यांनी 1994 मध्ये म्हटलं की खूण जंतूची नसली तरी चालते. फुटलेल्या पेशीतून जे बाहेर सांडतं (युरिक ॲसिड, पेशीचं ऊर्जेचं रसायन एटीपी, डीएनए) तोच इशारा. 2006 मध्ये टोलचे संदेश पूर्ण तोडलेल्या उंदरांनीही तुरटीच्या आणि तेलाच्या लसीला चांगले प्रतिपिंड दिले. बाटलीपुरतं पाहिलं तर मला मॅटझिंगर यांचं पारडं जड वाटतं.

पण तेही सर्वत्र नाही. 2000 सालच्या एका प्रयोगात प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांवर परकी कातडी लावून जखम पुरती भरू दिली आणि मगच टी-पेशी सोडल्या. इजा संपून गेली होती, तरी कातडी झडली. ‘इजा नाही तर लढाई नाही’ हे ठाम सूत्र इथे अडतं. म्हणून मी ‘इजा होतेय का हेही’ असं लिहिलं; त्या ‘ही’कडे तुमचं लक्ष गेलं नसावं.

आता गोठ्यातला उपयोग. ओळख आणि इशारा वेगळे असतील तर ते वेगळ्या कारणांनी बिघडतातही. लसीतला विषाणू म्हणजे पूर्ण गोळा असेल तरच ती ओळख कामाची; उष्णतेने तो फुटून तुकडे झाले की प्रतिपिंड तयार होतात पण फारसं संरक्षण मिळत नाही. ओ प्रकारचा विषाणू यात जास्त नाजूक, आणि आपल्याकडे जास्त साथी त्याच्याच. मे महिन्यात मोटरसायकलच्या डिक्कीत दोन तास राहिलेली बाटली बाहेरून अगदी चांगली दिसते. तिचं काय झालं ते डोळ्यांना कळतच नाही.

गोठण्याचं उलट. फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात किंवा थेट बर्फाला टेकून ठेवलेली लस गोठली की तेलाचं मिश्रण फुटतं: वितळल्यावर तेल-पाण्याचे थर वेगळे दिसतात आणि हलवूनही एकजीव होत नाहीत. तुरटीच्या लसीत कण एकमेकांना चिकटतात, हलवल्यावर पापुद्रे दिसतात आणि गाळ भराभर तळाशी बसतो. अशा बाटलीत विषाणू शाबूत असेलही, पण इशारा गेलेला असतो. ती फेकायचीच. म्हणून 2 ते 8 अंश, बर्फाच्या पिशवीच्या आणि बाटलीच्या मध्ये पुठ्ठा किंवा कापड, आणि प्रत्येक वेळी सिरिंज भरण्याआधी बाटली हळूहळू वरखाली फिरवून घेणं.

तुमच्या कालवडीला लस देऊनही लाळ्या झाला, त्याचा मात्र या वादाशी बहुधा संबंध नाही. गाईची वार प्रतिपिंड पलीकडे जाऊ देत नाही, ते वासराला चिकातून मिळतात. आणि आईला लस दिलेली असेल तर तेच प्रतिपिंड वासराच्या लसीतला विषाणू आधीच झाकून टाकतात. म्हणून पहिली मात्रा चार महिन्यांनंतर, महिन्याभराने दुसरी, मग दर सहा महिन्यांनी. दुसरी मात्रा चुकली असेल तर संरक्षण अपुरं राहतं, आणि गावात साथ आल्यावर लस दिली असेल तर कालवडीला आधीच लागण झालेली असू शकते. संरक्षण उभं राहायला दोन-तीन आठवडे लागतात. साथीत एकच सुई सगळ्या ढोरांना वापरली तर विषाणू सुईनेच फिरतो.

राहिली गाठ. तेलाच्या लसीनंतर मानेवर येणारी टणक, न दुखणारी गाठ काही आठवडे राहते. ती चोळू नका, फोडू नका. गाठ गरम लागते, रोज वाढते, मऊ पडून हलते किंवा जनावर चारा सोडतं, तर तो सुईतून गेलेल्या घाणीचा पू आहे. त्यासाठी डॉक्टरांना बोलवा. टोचायची जागा मानेच्या मध्यावर, खोल मांसात, मागच्या पुठ्ठ्यावर (ढुंगणावर) नाही.