बाबा, श्वास रोख!

रविवारी माणसानं काय करावं याबद्दल माझं मत एकदम क्लिअर आहे. मटण आणावं, जेवावं, आडवं व्हावं. पण लेक आर्किटेक्चरच्या सेकंड इयरला गेल्यापासून घरात माझ्या मताला कोणी विचारत नाही. तिला असाइनमेंट मिळाली होती, 'आपलं शहर बघा'. मी म्हणलं मी रोजच बघतो की, चोवीस वर्षं डोंबिवली-सीएसटी करतोय. तर म्हणे, "बाबा, तू शहर नाही बघत, तू पुढच्या माणसाची सॅक बघतोस."

हे खरं असल्यामुळे मी गप्प बसलो, आणि मी गप्प बसलो म्हणजे हो म्हणालो असा आमच्याकडे वीस वर्षांचा नियम असल्यामुळे हिने, म्हणजे बायकोने, लगेच डब्यात दशम्या भरल्या. माझ्या वाट्याला ट्रायपॉड आला. लेक म्हणाली हलका आहे. घाटकोपरपर्यंत होता.

फेब्रुवारीतला रविवार, काळा घोड्याचा फेस्टिवल चालू, आणि मेगाब्लॉक तर असतोच. फास्ट गाडी स्लोच्या रुळावरून, प्रत्येक स्टेशनात पाहुण्यासारखी टेकत टेकत. ट्रायपॉड उभा धरला की वरच्या पंख्याला लागायचा आणि आडवा धरला की एका आजोबांच्या पोटाला. शेवटी आजोबाच म्हणाले, "द्या इकडे, मी बसलोय ना."

सीएसटीला उतरल्यावर मी सवयीनं मान खाली घालून सुसाट निघालो, तर मागून कॉलर धरली. "वर बघ." बघितलं. मानेत कटकन आवाज आला. वर मोर होते, माकडं होती, दगडातली पानंफुलं होती, आणि गेटच्या दोन खांबांवर एकीकडे सिंह आणि दुसरीकडे वाघ, म्हणजे सिंह इंग्लंडचा आणि वाघ आपला. चोवीस वर्षं मी त्या वाघाच्या खालून पास दाखवत जातोय आणि त्यानं एकदाही ओळख दिली नाही, मीही नाही. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स नावाच्या साहेबानं डिझाइन केलं, १८७८ ला काम सुरू झालं आणि दहा वर्षं चाललं, आणि हे कोरीवकाम करण्यात आर्ट स्कूलची, म्हणजे आपल्या जेजेची पोरं होती म्हणे. मी लेकीकडे बघितलं. मागच्या महिन्यात तिच्या थर्माकोलच्या मॉडेलची कापणी रात्री दोन वाजता मी केली होती. तीही पुढेमागे या स्टेशनसारखी युनेस्कोच्या वारसा यादीत जाईल, काय सांगावं.

मग पायी फोर्ट. फोटोग्राफीवाल्या माणसाबरोबर चालणं म्हणजे चालणं नसतंच, दर आठ पावलांना थांबणं असतं. दोनशे फोटो झाले तरी आम्ही फ्लोरा फाउंटनच्या अलीकडेच. त्यात ग्रेड. मुंबईत १९९५ पासून हेरिटेज इमारतींना ग्रेड आहेत म्हणे, ग्रेड वनला हात लावायचा नाही, आणि ग्रेड थ्री म्हणजे बाहेरून-आतून बदल चालतात, जुन्या वास्तूचा काहीतरी नवीन उपयोग काढता येतो, त्याला अडॅप्टिव्ह रियूज म्हणतात. "मग तुझे बाबा कुठल्या ग्रेडचे?" हिने विचारलं. दोघी बराच वेळ हसल्या. उत्तर कोणी दिलं नाही.

ओव्हल मैदानावर मात्र मला खरंच बरं वाटलं, कारण तिथे क्रिकेट चालू होतं. लेकीनं मला खेळाकडे पाठ करून उभं केलं. एका बाजूला राजाबाई टॉवर, हायकोर्ट, टोकदार कमानी, सगळं व्हिक्टोरियन. दुसऱ्या बाजूला १९३०-४० च्या आर्ट डेको बिल्डिंगी, गोल कोपरे, जहाजाचे डेक असावेत तशा बाल्कन्या. दोन्ही प्रकारच्या ९४ इमारती मिळून २०१८ मध्ये जागतिक वारसा झाल्या. खिडक्यांवर सिमेंटच्या पट्ट्या असतात त्यांना आयब्रो म्हणतात असं ती म्हणाली. आमच्याकडे त्याला छज्जा म्हणतात आणि त्यावर कुंड्या ठेवतात आणि सोसायटी नोटीस काढते.

राजाबाई टॉवर मात्र मनात बसला. सर गिल्बर्ट स्कॉट यांनी तो लंडनमध्ये बसून काढला, भारतात ते आलेच नाहीत. (वर्क फ्रॉम होम, १८६९.) पैसे प्रेमचंद रायचंद यांचे, आणि नाव त्यांच्या आईचं. मी हे लेकीला दोनदा वाचायला लावलं. आईबापासाठी मुलं टॉवर बांधायची, आता ट्रायपॉड धरायला देतात.

तिथून जवळच एका इमारतीसमोर (नाव घेत नाही, उद्या तिथेच काम पडायचं) मी ट्रायपॉडचे पाय उघडले, दोन उघडले आणि तिसरा अडकला. तेवढ्यात वॉचमन. "स्टँड नहीं चलेगा." का? "परमिशन." मोबाईल चालेल? चालेल. कॅमेरा? हातात चालेल. म्हणजे या देशाला धोका फक्त तीन पायांपासून आहे. मी वाद घालणार होतो पण हिने माझा शर्ट ओढला आणि लेक माझ्या खांद्याकडे बघायला लागली. ती नजर मला तेव्हाच कळायला हवी होती.

"बाबा, तू इथे उभा राहा. हलू नको. श्वास रोख."

कॅमेरा माझ्या डाव्या खांद्यावर. क्लिक. "हलला. परत."

काळा घोड्याला जत्रा. इथल्या मूळ पुतळ्यातल्या काळ्या घोड्यावर इंग्लंडचा सातवा एडवर्ड होता, १९६५ मध्ये दोघांना राणीच्या बागेत हलवलं, आणि २०१७ मध्ये नवा घोडा आणला तो बिनस्वाराचा. गर्दी बघता राजेसाहेब सुटले. एका इन्स्टॉलेशनमध्ये लोकलच्या कड्या टांगलेल्या, खाली पाटी, 'शहराची घुसमट'. मी सवयीनं कडी धरली आणि डोळे मिटले. दोन मिनिटांनी उघडले तर सहा जण माझा फोटो काढत होते, एक बाई हळूच म्हणाल्या, "किती रिअल आहे."

लाइव्ह म्युझिक ऐकायचं हे हिचं एकमेव स्वप्न. स्टेजवर तबला, गिटार, सगळं मांडलेलं. एक जण आला आणि "चेक, चेक, वन टू" म्हणाला. तबलेवाल्यानं 'धा' वाजवलं. थांबला. परत 'धा'. मी टाळी वाजवली. एकट्यानेच. शेजारचा पोरगा म्हणाला, "काका, साउंड चेक आहे." पाऊण तास चेक. अकरा वेळा धा, गिटारची एकच तार, आणि गाणं आता सुरू होणार एवढ्यात लेक ओरडली, "ब्लू अवर!"

ब्लू अवर म्हणजे सूर्य बुडाल्यावर आकाश निळं राहतं तो अर्धा तास, आणि तो सीएसटीसमोरच हवा. धावत परत. वाटेत ती सांगत होती की रीगल थेटर स्टीव्हन्सच्या मुलानं, चार्ल्सनं डिझाइन केलं, १९३३ ला. बापाचं स्टेशन, मुलाचं थेटर. मला बोलायला दम नव्हता.

स्टेशन दिव्यांनी पेटलेलं, वर गडद निळं, खाली बसच्या लाल रेघा. मी समोरच्या फुटपाथवर, खांद्यावर कॅमेरा, छातीत कोंडलेला श्वास, आणि डोळ्यांनी वर वर बघत असलेला. तो घुमटावरचा पुतळा मला पहिल्यांदा दिसला. बाईचा आहे. हातात मशाल आहे. खाली इतकी वर्षं मी सात बेचाळीसची वाट बघतोय आणि ती वर उभी. "झालं," लेक म्हणाली, "सोड श्वास." मी म्हणलं थांब जरा.

रात्री घरी येऊन पाय गरम पाण्यात घातले तोवर फॅमिली ग्रुपवर फोटो पडला होता. स्टेशनचा नाही. हिने मागून काढलेला, माझा, खांद्यावर कॅमेरा, तोंड उघडं, नजर वर. खाली लेकीनं लिहिलं होतं, 'ग्रेड थ्री. अडॅप्टिव्ह रियूज.' सत्तावीस अंगठे. पुण्याच्या आत्याने विचारलंय, डागडुजी कधी करणार.