प्रश्नमंजूषेवरच्या एका प्रतिक्रियेबद्दल, जरा सविस्तर

नमस्कार ‘चिकित्सक’,

आपली प्रतिक्रिया वाचली. सहसा मी दोन ओळींत आभार मानून मोकळा होतो, पण या वेळी तसं जमणार नाही.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगतो. साहित्य, इतिहास, प्राणी, शब्द आणि नृत्य असे पाच विभाग करून मी २५ प्रश्न दिले होते. त्यावर यांचं म्हणणं असं: “अशी सुटी माहिती गोळा करणं म्हणजे ज्ञान नव्हे, निव्वळ फुशारकी. हे सगळं एका क्लिकवर मिळतं. शेक्सपिअर-सर्व्हांतेसचा प्रश्न फसवा आहे. मधमाशीचा प्रश्न नृत्यात घालणं हास्यास्पद. उत्तरं प्रश्नाखालीच दिसतात. मला तशीही सगळी येत होती. एकूण काय, तुकडे शिवून उभा केलेला फ्रँकेन्स्टाइन.”

फ्रँकेन्स्टाइन हे तुकडे शिवणाऱ्याचं नाव आहे हो. मेरी शेलीच्या १८१८च्या कादंबरीत त्या जीवाला नावच नाही. असो. हे फुशारकी म्हणून सांगत नाहीये.

आता त्या ‘फुशारकी’कडेच येतो. मतभेद असायला माझी काहीच हरकत नाही. संच उथळ वाटला, म्हणा. कंटाळवाणा वाटला, तेही म्हणा. पण समोरच्याला न ओळखता त्याच्या हेतूवर बोट ठेवायचं, ही कुठली चिकित्सा? शाळेत मी अभ्यासात बेताचाच होतो. गणितात काठावर पास. एका शिक्षकांनी मला भर वर्गात ‘रद्दीचं दुकान’ म्हटलं होतं, कारण धड्यातलं सोडून बाकी सगळं मला पाठ असायचं. वर्ग हसला होता. त्यानंतर बराच काळ मी तोंड उघडायचं बंद केलं होतं. फुशारकी मारायची तर आधी कुणीतरी कौतुकाने ऐकणारा लागतो. माझ्या वाट्याला तो फार उशिरा आला. त्यामुळे हा शब्द मला लावताना तुम्ही जरा विचार करायला हवा होता.

आणि ‘सुटी माहिती’ म्हणजे तरी काय? अकरावा प्रश्न घ्या. ऑक्टोपसला हृदयं किती? तीन. झालं, एक तुकडा. पण हे ऐकल्यावर ‘कशाला तीन?’ असं ज्याच्या मनात येत नाही, तो माणूस मला अजून भेटायचाय. (आता भेटला म्हणायचं का?) दोन हृदयं कल्ल्यांतून रक्त ढकलतात, तिसरं ते बाकीच्या शरीराला पुरवतं. त्या रक्तात आपल्यासारखं लोह नसतं, तांबं असतं. म्हणून ते निळसर दिसतं. तांब्याचं हे रक्त प्राणवायू वाहून नेण्यात आपल्या रक्ताच्या मानाने कमी पडतं आणि दाटही असतं, त्यामुळे ते जोर लावून फिरवावं लागतं. त्यातही गंमत अशी की ऑक्टोपस पोहायला लागला की ते तिसरं हृदय थांबतं. मग तो लवकर दमतो आणि शक्यतो तळाशी सरपटणंच पसंत करतो. एका आकड्यातून आपण रक्ताच्या रंगापर्यंत आणि जनावराच्या चालीपर्यंत आलो. यातलं सुटं काय राहिलं, तुम्हीच सांगा.

एका क्लिकवर मिळतं, हो, मिळतं. पण पोहताना हृदय थांबतं का, हे शोधायची बुद्धी कुणाला उगीचच होत नाही. आधी कुणीतरी ते तीनचं खूळ डोक्यात घालावं लागतं. ते काम मी करतो, फुकट करतो, आणि वर हे ऐकून घेतो.

शेक्सपिअर-सर्व्हांतेसबद्दल फार वेळ घालवत नाही. शेक्सपिअर आणि ‘डॉन किहोते’ लिहिणारा स्पॅनिश लेखक सर्व्हांतेस, दोघांच्याही मृत्यूची तारीख म्हणून २३ एप्रिल १६१६ लिहिली जाते, आणि मी तारीखच विचारली होती. स्पेनने १५८२मध्ये ग्रेगरियन, म्हणजे आजची कालगणना घेतली, इंग्लंडने थेट १७५२मध्ये; तोवर तिथे जुनीच चालू होती. म्हणजे तारीख एक असली तरी मध्ये दहा दिवसांचं अंतर. शिवाय सर्व्हांतेस आदल्या दिवशी, २२ला वारला आणि २३ ही त्याच्या दफनाची तारीख, असंही मानतात. हे सगळं मला ठाऊक आहे. प्रश्नातच सगळं सांगून टाकलं तर त्याला प्रश्न कशाला म्हणायचं?

मधमाशी मात्र नृत्यातच राहणार. अन्न सापडलेली माशी अंधाऱ्या पोळ्यात, उभ्या भिंतीवर, पोट थरथरवत एका सरळ रेषेत जाते, मग वळसा घेऊन मागे येते, पुन्हा तीच रेषा, आता दुसऱ्या बाजूने वळसा. इंग्रजी आठाच्या आकड्यासारखं. रेषा सरळ वर गेली तर अन्न सूर्याच्या दिशेला. उजवीकडे जितकी कलली, तितकं सूर्याच्या उजवीकडे. थरथर जितकी लांबली तितकं अंतर जास्त. बाकीच्या माश्या तिला मिशांनी चाचपत मागोमाग फिरतात. हे उकलणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३मध्ये नोबेल मिळालं, आणि तेही याला नृत्यच म्हणत. उलट १५१८मध्ये स्ट्रासबर्गला माणसं रस्त्यात दिवसेंदिवस नाचत सुटली आणि नगरपरिषदेने नाचूनच बरं वाटेल म्हणून वाजंत्री आणून बसवली, त्या प्रश्नावर आपला काहीच आक्षेप नाही. तिथे नाचणाऱ्यांनाही कळत नव्हतं आपण का नाचतोय. माशीला निदान पत्ता द्यायचा असतो.

राहिलं उत्तरांचं. हा एक मुद्दा मान्य. उत्तरं प्रश्नाला चिकटून नको होती, आता ती पानाच्या तळाशी हलवली आहेत. फक्त एक कळलं नाही. तुम्हाला सगळी आधीच येत होती, तर ती दिसल्याचा त्रास नेमका कुणाला झाला?